बंद ऑफिसच्या मीटरपासून सुरुवात

ऑफिसमधली वीज, कागद आणि कचरा कमी करायचं ठरलं, तेव्हा ‘वीज वाचवा’च्या पाट्या चिकटवण्याआधी आम्ही मीटर वाचलं. कुलूप लावताना एक आकडा, सकाळी उघडताना दुसरा, सलग 5 दिवस. कोणी नसताना जळणारी युनिटं कमी करायला कोणाचीच गैरसोय होत नाही, म्हणून आधी तीच धरली. 100 वॅटचं काही 14 तास चालू राहिलं तर 1.4 युनिट जातात. फ्रिज, राऊटर यांची वीज वजा केली की उरते ती सवयींची.

लोक बटण बंद करत नाहीत ते आळसापेक्षा भीतीने: चुकून सर्व्हर बंद पडला तर? म्हणून बटणांवर रंगीत ठिपके लावले. लाल म्हणजे हात लावायचा नाही, हिरवा म्हणजे शेवटी निघणाऱ्याने बंद करायचं. कोणतं बटण कोणत्या दिव्याचं, हेही बोर्डावर लिहिलं. एक चूक झाली ती इंकजेट प्रिंटरची. सॉकेटवरून बंद केला तर शाई सोडणाऱ्या हेडवर झाकण नीट बसत नाही, हेड सुकतं आणि पुढच्या साफसफाईत शाई जाते. तो त्याच्याच बटणाने बंद करायचा.

दोन्ही बाजूंनी छपाई आणि 15 मिनिटांनी कॉम्प्युटर स्लीपमध्ये, हे सेटिंगमध्येच टाकलं. रोज कोणाला आठवण करावी लागत नाही. स्क्रीनसेव्हरने मात्र वीज वाचत नाही.

कचरा सगळ्यात चिवट. टेबलाखालच्या टोपल्या काढल्या, ओल्या-सुक्याचे डबे जोडीने ठेवले. सुटा डबा दिसला की त्यात सगळंच पडतं. कागदी कप रद्दीत चालत नाहीत, आत प्लॅस्टिकचा थर असतो. तळाशी राहिलेला चहा शेजारचा चांगला कागदही नासवतो. पण खरा घात संध्याकाळी होतो: दोन्ही डबे एकाच पिशवीत रिकामे होताना एकदा दिसले की वेगळं करणं तिथेच संपतं. त्यामुळे साफसफाई करणारे आणि रद्दी नेणारे यांच्याशी आधी बोलायचं, कर्मचाऱ्यांशी नंतर. आम्ही उलटं केलं होतं.

फळ्यावर आठवड्याला विजेचा एकच आकडा, तोही सगळ्यांचा मिळून. नावं लिहिली की चुगल्या सुरू होतात. महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी नको. ऋतू बदलला की एसीच सगळं श्रेय घेऊन जातो. गेल्या वर्षीचं त्याच महिन्याचं बिल काढायचं आणि माणसं वाढली असतील तर माणशी युनिट मांडायचं.