प्रतिपदेची पाऊण

वॉल्विस बेची मिठागरं मागे पडली आणि आमच्या तिन्ही फोर-बाय-फोर थांबल्या. गाइड उतरला, चाकाशी उकिडवा बसला आणि व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसून फुस्स करून हवा सोडू लागला. ग्रुपमधले एक काका कळवळलेच, "अगं ताई, विचार त्याला, चांगल्या टायरची हवा का घालवतोय?" विचारलं. टायर मऊ झाला की वाळूवर पसरतो, रुतत नाही, एवढंच सांगून तो पुढच्या चाकाकडे सरकला. रस्त्यावरची निम्मी हवासुद्धा त्याने ठेवली नाही.

मी टूर मॅनेजर. नामिबियात ग्रुप घेऊन तिसऱ्यांदा आले होते, पण सँडविच हार्बरला पहिल्यांदाच. शहरापासून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटर. तिथे नामिब वाळवंटाच्या टेकड्या थेट अटलांटिकमध्ये उतरतात. टेकडी आणि लाटा यांच्यामधली ओल्या वाळूची अरुंद पट्टी हाच रस्ता, आणि तोही ओहोटीपुरता. वाळवंट म्हणून टोप्या आणलेली मंडळी स्वेटर घालून बसली होती. बेंग्वेलाचा थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, त्यामुळे सकाळभर धुकं.

गाइड टोपनार समाजाचा, कुइसेब नदीकाठचा. नदी म्हणायची एवढंच, पात्रात बहुतेक वेळा वाळूच. वाटेत त्याने नाराचं झुडूप दाखवलं. पानं नाहीत, नुसते हिरवे काटे; मुळं मात्र खोल भूजलापर्यंत. त्याने खिशातून नाराच्या भाजलेल्या बिया काढून दिल्या. चावल्यावर बदामाच्या जवळची चव. नामिबिया 1990 मध्ये स्वतंत्र झाला तरी वॉल्विस बे 1 मार्च 1994 पर्यंत दक्षिण आफ्रिकेकडेच होतं. म्हणजे हा शाळेत असताना घर तिथेच राहिलं आणि देश बदलला. हे त्याने बिया सोलता सोलता सांगितलं.

टेकडीवर जेवणाचं टेबल मांडलं. इतरांना ऑयस्टर, आमच्यातल्या निम्म्यांना ठेपले. बारा वाजत आले तसा तो घाई करू लागला. मी म्हटलं, थांबा हो, अजून पाऊण तास. आणि इथे माझं कोकणातलं हर्णै आडवं आलं.

आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आजोबांनी शिकवलेलं. काल पौर्णिमा, आज प्रतिपदा. म्हणजे पाऊण वाजता भरती पुरी, मग पाणी उतरणारच. आत्ता भरल्या पाण्यात कशाला निघायचं? मी हे त्याला मोठ्या थाटात समजावलं. तो काही बोलला नाही. सनव्हायझरला लावलेला भरती-ओहोटीचा तक्ता काढून माझ्यासमोर धरला. भरती पुरी व्हायला अजून अडीच तासांच्या वर होते. गणित आजोबांचं बरोबर होतं, बंदर चुकलं होतं. प्रत्येक किनाऱ्यावर पाणी चंद्रामागून आपापल्या वेळेने येतं, हे मला माहीत असायला हवं होतं. पण हुशारी दाखवायची असली की माणसाला आठवत नाही.

आवरून खाली उतरेपर्यंत येतानाच्या आमच्या चाकांच्या खुणांवर फेस होता. पट्टी गेली. आता परतायचं ते टेकड्यांवरून. दुसऱ्याच चढावर मागची गाडी शेंड्याखाली रुतली, तिरकी. तिच्यातल्या चौघांना उतरवून चालत वर पाठवलं. गाइडने चाकांपुढची वाळू हातांनी उपसली. मीही उपसत होते. वरची वाळू तापलेली, वीतभर खाली गार. त्यात गार्नेट या खनिजाच्या जांभळट रेघा होत्या, त्या बोटांना चिकटत होत्या. त्याने आणखी हवा सोडली आणि गाडी पुढे न रेटता आपल्याच चाकोरीतून सरळ मागे घेतली. मग एका दमात वर. काका टाळ्या वाजवत होते. मी नव्हते.

मला तो एका शब्दाने बोलला नाही. खरं तर बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मिठागरांपाशी कॉम्प्रेसर लावून तो हवा भरत बसला. गुलाबी पाण्यात फ्लेमिंगो एका पायावर. चौथ्या चाकाशी त्याने मान वर केली.

"तुमच्या आजोबांच्या हिशेबाने उद्याची भरती कधी?"

"द्वितीया. दीड वाजता."

त्याने तक्ता काढला, उद्याच्या ओळीपुढे पेन्सिलीने दीड लिहिलं, छापील वेळेशी ताडून पाहिलं आणि पहिल्यांदा मोठ्याने हसला. "उद्याही चुकणार," म्हणाला.