आच बंद झाल्यावरचा बिडाचा दांडा

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तव्याने माझा तळहात भाजला, तेव्हा आच बंद होऊन पाच-सात मिनिटे झाली होती. ओव्हनमधून तवा काढताना दोन्ही हातांत जाड मोजे होते. तो शेगडीच्या थंड जाळीवर नीट ठेवून मी मोजे काढले, आणि थोड्या वेळाने, जागा करावी म्हणून, तोच तवा सरकवायला उघड्या हाताने त्याचा दांडा धरला. शेगडीवरच्या तव्याचा दांडा धरायची हाताला इतकी सवय असते की डोक्याला विचारण्याआधीच तो पुढे जातो. तेव्हापासून माझे मत असे आहे की, बिडाच्या बाबतीत हात सांभाळण्याचा प्रश्न भांडे आचेवर असतानाचा कमी आणि ते उतरवल्यानंतरच्या अर्ध्या तासाचा जास्त आहे. आच पेटलेली असताना माणूस सावध असतोच.

लोखंड स्वतःहून लालसर दिसू लागते ते सुमारे 500 अंश सेल्सिअसच्या पुढे. स्वयंपाकात भांडे तेवढे कधीच तापत नाही, म्हणून 220 अंशांवरचा काळा दांडा आणि कपाटातून नुकताच काढलेला काळा दांडा डोळ्यांना अगदी सारखेच दिसतात. शिवाय भांडे आणि दांडा एकाच साच्यात एकसंध ओतलेले असतात. उष्णता अडवील असे लाकूड किंवा सांधा मध्ये नसतो. बिडातून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने सावकाश पसरते. त्यामुळे शेगडीवर पहिली काही मिनिटे दांड्याला खुशाल हात लावता येतो, आणि नेमका हाच अनुभव पुढे फसवतो, कारण अर्ध्या तासाने तोच दांडा चटका देण्याइतका तापलेला असतो. गॅसच्या ज्वाळा कडेने वर चढत असतील तर तो आणखी लवकर तापतो, इंडक्शनवर उशिरा. ओव्हनमध्ये मात्र दांडा आणि तळ यांत काहीच फरक उरत नाही.

बीड उष्णता फार धरून ठेवते, हे म्हणणे खरे असले तरी त्याचे कारण बहुतेकांना वाटते ते नाही. किलोला किलो तोलले तर ॲल्युमिनियमच लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता साठवते. बिडाचे बळ आहे ते त्याच्या जाडीत आणि वजनात. तीन किलोचे भांडे 220 अंशांवरून 40 अंशांपर्यंत निवताना जेवढी उष्णता सोडते, तेवढ्यात नळाचे सुमारे पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी उष्णता सावकाश हवेत जाते, आणि तोवर भांडे ओट्यावर निरुपद्रवी चेहऱ्याने बसलेले असते. त्वचेला मात्र इतका वेळ लागत नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी 1947 मध्ये दाखवून दिले होते की त्वचा 44 अंशांवर भाजायला काही तास लागतात, 60 अंशांवर पाच सेकंद पुरतात आणि 70 अंशांवर सेकंदभर. दांडा 150 अंशांवर असेल तर हात मागे घेण्याच्या झटक्याइतका वेळही फार झाला; आणि त्या क्षणी भांडे उचललेले असेल तर हात सोडून देण्याचीही सोय राहत नाही.

आता मसोत्याविषयी. ओल्या मसोत्याने गरम भांडे धरणे ही माझ्या पाहण्यातली सर्वांत घातक सवय आहे, आणि ती सुटत नाही, कारण स्वयंपाकघरात हाताशी येणारे फडके बहुतेक वेळा ओलेच असते. कोरडे कापड हाताचे रक्षण करते ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पाण्यातून उष्णता हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने वाहते. म्हणजे कापड भिजले की त्याचे संरक्षण गेले. वर त्या पाण्याची वाफ होऊन ती थेट बोटांवर येते आणि तिथे पुन्हा पाणी होताना आपली सगळी उष्णता त्वचेला देऊन टाकते. म्हणून भांडी धरण्याचे कापड वेगळे, खुंटीला टांगलेले असावे आणि त्याने कोणी ओटा पुसू नये. ते सुती असावे, कारण पॉलिस्टर किंवा नायलॉन वितळून कातडीला चिकटते. घड्या किमान चार घालाव्यात, आणि कापडाचे टोक ज्वाळेवर लोंबत नाही ना, हे पाहावे.

दांड्यावर चढवायच्या सिलिकोनच्या टोप्या बऱ्या आहेत. त्या साधारण 220 ते 250 अंश सोसतात आणि ओल्या झाल्या तरी आतून भिजत नाहीत. पण हाताला तेल असेल तर निसटतात. ओव्हनमध्ये किंवा आचेवर त्या दांड्यावर तशाच ठेवल्या तर हळूहळू दांड्याइतक्याच तापतात, म्हणून उचलण्यापुरत्याच चढवाव्यात. चामड्याच्या टोपीची पकड अधिक चांगली, मात्र ती ओव्हनमध्ये जाता कामा नये. ॲरॅमिड या उष्णता सोसणाऱ्या, न वितळणाऱ्या कृत्रिम धाग्याचे विणलेले मोजे पाचही बोटे मोकळी ठेवतात, हा त्यांचा मोठा गुण. तरी विणीच्या छिद्रांतून गरम तेल आणि वाफ आत शिरते, हे विसरू नये. सांडशी मी बिडासाठी वापरत नाही. ती पातळ काठाच्या हलक्या पातेल्यासाठी आहे. बिडाच्या जाड काठावर ती नीट बसत नाही, आणि तीन किलोंचा भार मनगटात फिरला तर सावरत नाही.

वजनाची गोष्ट निघालीच आहे, तर मोठ्या तव्याला दांड्याच्या समोर जो छोटा कान असतो, तो शोभेचा नव्हे. दुसऱ्या हातानेही तेवढेच जाड कापड घेऊन तो धरावा. एका हाताने उचललेला जड तवा कलतो, आतले तेल काठाशी येते, आणि हात भाजतो तो लोखंडाने नव्हे, तेलाने.

त्या चटक्यानंतर घरात नियम एकच केला आहे: भांडे उतरवले की मोजा किंवा कापड दांड्यावरच राहू द्यायचे आणि भांडे निवेपर्यंत काढायचे नाही. अर्थात पेटलेली शेगडी शेजारी नसेल तरच. कापड दिसले की भांडे गरम आहे, हे विचारावे लागत नाही. स्वयंपाकघरात नंतर आलेल्या माणसाला तर हाच एक इशारा असतो. शंका वाटली तर हाताची मागची बाजू दांड्यापासून दोन-तीन बोटे वर धरावी. ऊब लगेच कळते आणि तळहात धोक्यात जात नाही.

धुण्याची घाईही करू नये. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतले तर वाफेचा लोट सरळ मनगटावर येतो, आणि बीड ठिसूळ असल्याने तडकूही शकते.

इतके करूनही चटका बसलाच, तर जागा लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरावी. ती मिनिटे फार लांबतात, म्हणून घड्याळ लावावे. बर्फ, लोणी, टूथपेस्ट यांतले काही लावू नये. फोड फोडू नयेत. हाताचा फोड मोठा असेल, किंवा जागा पांढरी पडून बधिर झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावेच. आणि पाण्याखाली हात धरतानाच अंगठी काढून ठेवावी, कारण सूज आल्यावर ती निघत नाही. माझी शेवटी कापून काढावी लागली.