एसईओचं टूल शोधायला निघालो आणि डोमेनच्या लॉगिनपाशी अडकलो

एसईओचं, म्हणजे गुगलच्या शोधात आपली वेबसाइट वर दिसावी यासाठीच्या कामाचं, कोणतं टूल चांगलं, असं मला नाशिकच्या सातपूर-अंबडकडचे ओळखीचे लोक आता विचारतात. मी टूलचं नाव सांगत नाही. आधी विचारते, तुमच्या वेबसाइटचं सर्च कन्सोल, म्हणजे लोक गुगलवर काय शोधून आपल्या साइटवर येतात ते दाखवणारं गुगलचं खातं, कोणाच्या नावावर आहे? बहुतेकांना सांगता येत नाही. आमचं एका एजन्सीच्या ताब्यात होतं. ते परत मिळवताना जो मनस्ताप झाला, तो आठवला की आजही डोकं तापतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. द्राक्षबागेच्या फवारणीचे ट्रॅक्टरवर चालणारे ब्लोअर आम्ही बनवतो. गिऱ्हाईक निफाड, दिंडोरी, चांदवड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातलं. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या भीतीने बागेत फवारणीवर फवारणी चालते, त्यामुळे आमचं बुकिंग ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच होतं. वेबसाइट एजन्सीने करून दिली होती आणि दर महिन्याला त्यांचा एक पीडीएफ रिपोर्ट यायचा. त्यात डोमेन ऑथॉरिटी वाढल्याचा हिरवा बाण असायचा आणि इंग्रजी शब्दांची एक यादी. डोमेन ऑथॉरिटी हा मॉझ नावाच्या कंपनीने स्वतः काढलेला १ ते १०० चा आकडा आहे. गुगल क्रम लावताना तो वापरत नाही. आणि यादीतले ते शब्द आमचा एकही शेतकरी शोधत नाही. तो बांधावर उभं राहून मोबाइलला विचारतो, 'द्राक्षाचा ब्लोअर केवढ्याला'.

एजन्सीने जास्त पैशांची योजना पुढे केली, 'टूलचा खर्च वाढलाय मॅडम' म्हणाले. तेव्हा मी ठरवलं, टूल आपणच घेऊ आणि आपणच बघू.

मोठ्या नावांच्या पैशाच्या टूलची ट्रायल घेतली. देश भारत निवडला, 'द्राक्ष ब्लोअर' टाकलं. उत्तर शून्य. 'ब्लोअर नोझल' मराठीत टाकलं, शून्य. इकडे रोज फोन वाजतोय आणि टूल म्हणतंय की हे कोणी शोधतच नाही! या टूलमधले आकडे अंदाजाचे असतात हे तेव्हा नीट लक्षात आलं. गुगल आपली मोजणी त्यांच्या हातात देत नाही, ती वेगवेगळ्या स्रोतांवरून आकडा बांधतात. इंग्रजीत, अमेरिकेत, मोठ्या शब्दांना तो अंदाज बरा बसतो. तालुक्यात मराठीतून होणारा शोध त्या जाळ्यात सापडत नाही. गुगलचा कीवर्ड प्लॅनर, म्हणजे जाहिरातदारांना कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणारं टूल, त्यातल्या त्यात बरा, त्यात मराठी भाषा आणि नाशिक हे ठिकाण निवडता येतं. पण जाहिरातीवर खर्च चालू नसेल तर तोही '१०० ते १ हजार' असा ऐसपैस पट्टा दाखवतो. १०० आणि १ हजार यांच्यात आमच्यासारख्याचा अख्खा हंगाम मावतो.

म्हणजे खरा आकडा एकाच ठिकाणी होता, आमच्या स्वतःच्या साइटच्या गुगल सर्च कन्सोलमध्ये. ते फुकट आहे. लोकांनी काय टाइप केलं तेव्हा आपलं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, हे त्यात १६ महिन्यांपर्यंत मागे जाऊन बघता येतं. आमच्या धंद्यात या १६ महिन्यांना फार किंमत आहे. त्यात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी दोन्ही येतात आणि मागच्या वर्षीच्या काही महिन्यांशी तुलनाही होते. चार महिन्यांचा आकडा बघून आमच्याकडे कोणी निर्णय घेतला तर तो फसणारच.

आणि हे सगळं एजन्सीच्या खात्यात.

ईमेल केला, मला मालक म्हणून जोडा. 'पाठवतो मॅडम.' काही आलं नाही. पुन्हा फोन. 'सर बाहेर गेलेत.' पुन्हा फोन. 'सर मीटिंगमध्ये आहेत.' मग कारणं बदलली. सर्च कन्सोल आमच्या मास्टर अकाउंटमध्ये आहे, त्यात बाकीच्या क्लायंटचा डेटा आहे, तो उघड करता येत नाही. हे साफ चुकीचं आहे, आणि तुम्हालाही असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. परवानगी प्रत्येक साइटला वेगळी देता येते. सेटिंग्जमध्ये युजर्स अँड परमिशन्स उघडायचं, ईमेल टाकायचा, मालक निवडायचं, संपलं. दुसऱ्या कोणाच्या साइटचं अक्षरही त्या माणसाला दिसत नाही.

शेवटी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. समोरच्या मुलाच्या दोन स्क्रीन होत्या आणि त्यातल्या एकीवर आमचीच साइट उघडी होती. क्लिकची निळी रेघ, इम्प्रेशनची, म्हणजे पान किती वेळा दिसलं त्याची, जांभळी रेघ, सप्टेंबरपाशी दोन्ही वर चढलेल्या. डावीकडच्या पट्टीत अगदी खाली सेटिंग्ज दिसत होतं. मी म्हटलं, "भाऊ, तिथे क्लिक करा आणि माझा ईमेल टाका, मी लगेच निघते." तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, मला परवानगी नाही, सरांना विचारावं लागेल." सर आले नाहीत. माझ्या बापाच्या धंद्याचा आलेख हाताच्या अंतरावर, आणि मी त्याला हात लावू शकत नव्हते. त्या मुलावर माझा राग नाही. ज्यांनी त्याला तसं बांधून ठेवलं होतं, त्यांच्यावर आहे.

घरी येऊन स्वतःहून मालकी सिद्ध करायच्या वाटा तपासल्या. सर्च कन्सोल त्या बऱ्याच देतं. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या (साइटच्या पत्त्याच्या) तांत्रिक नोंदींत, टीएक्सटी रेकॉर्ड टाकायचा, त्याला डोमेनचं लॉगिन लागतं, ते एजन्सीकडे. एचटीएमएल फाइल चढवायची, त्याला होस्टिंगचं, म्हणजे साइटच्या फाइली जिथे ठेवतात तिथलं, लॉगिन लागतं, तेही त्यांच्याकडे. साइटच्या कोडमध्ये मेटा टॅग टाकायचा, तर साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसमध्ये आम्हाला एडिटरचा दर्जा दिलेला. एडिटरला प्लगइन (साइटला जोडायचे छोटे प्रोग्राम) आणि थीमचा मेनूच दिसत नाही, मग टॅग टाकणार कुठे? तुम्हाला लॉगिन दिलंय असं एजन्सी म्हणते तेव्हा ते ॲडमिनिस्ट्रेटरचं आहे का, हे आधी बघा.

वाट निघाली ती बाबांच्या जुन्या ईमेलमधून. आमचं डोमेन डॉट कॉम आहे. आयकॅन या जागतिक संस्थेच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला, वर्षातून एकदा डोमेनधारकाला मेल पाठवावा लागतो, की तुमची नोंद अशी अशी आहे, ती बरोबर आहे का तपासा. बाबा इंग्रजी मेल सहसा उघडत नाहीत, पण पुसतही नाहीत. त्यामुळे तो मेल तिथेच पडून होता. त्यात रजिस्ट्रारचं नाव होतं आणि धारक म्हणून आमच्या वर्कशॉपचं नाव, ईमेल बाबांचा. म्हणजे खातं एजन्सीचं असलं तरी कागदोपत्री डोमेन आमचं होतं! मी ते वाक्य बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, मग आता विचारायचं कशाला, मागून घे."

बाबांच्या त्याच ईमेलवरून रजिस्ट्रारला लिहिलं, जीएसटी प्रमाणपत्र आणि पॅनची प्रत जोडली, आणि डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड मागितला. डॉट कॉमसाठी धारकाने मागितल्यावर हा कोड ५ दिवसांत द्यावा लागतो, तेही मेलमध्ये लिहिलं. प्रत एजन्सीला ठेवली. जे काम इतक्या फोननी झालं नव्हतं, ते त्या मेलनंतर लगेच झालं. 'सर' स्वतः फोनवर आले, मला सर्च कन्सोलमध्ये मालक केलं, आणि डोमेनही सुटलं. नियमाचा आकडा लिहून मागितलं की भाषा कशी बदलते, हे मी त्या दिवशी ऐकलं.

इथे एक सांगून ठेवते. नोंदीतलं नाव किंवा ईमेल घाईने बदलू नका. तसं केलं की डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला ६० दिवसांचं कुलूप लागू शकतं. आधी हलवा, मग बदला. तुमचं डोमेन डॉट इन असेल तर ते डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत येतं, त्याचे नियम वेगळे बघा.

सर्च कन्सोल उघडलं आणि टूलने शून्य सांगितलेले शब्द एकाखाली एक उभे होते. 'ब्लोअर', 'ब्लोवर', रोमन लिपीतलं मराठी, 'मिनी ट्रॅक्टर ब्लोअर किंमत', '६०० लिटर ब्लोअर'. आणि त्यात नोझल, चकती, ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणारा पीटीओ शाफ्ट! सुट्या भागांसाठी लोक आमच्या साइटवर येत होते आणि आमच्या साइटवर सुट्या भागांचं पानच नव्हतं. ते पान मी मराठीत केलं, फोटो आणि मापांसकट. त्यावरून येणारे फोन आता वेगळे ओळखू येतात, कारण पलीकडचा माणूस "ताई, नोझलचा तो फोटो टाकलाय ना, तसलाच पाहिजे" असं म्हणतो.

यानंतर टूलची निवड सोपी होती, कारण काय हवं ते कळलेलं होतं. साइटमधल्या चुका शोधायला स्क्रीमिंग फ्रॉग घेतलं. त्याच्या फुकट आवृत्तीत साइटमधल्या ५०० पत्त्यांपर्यंत (यूआरएल) तपासणी होते, आमची साइट त्यात आरामात बसते. कोणत्या पानाला शीर्षक नाही, कोणती लिंक तुटलेली आहे, सगळं समोर आलं. कोणाच्या साइटवरून आपल्याला लिंक आहे हे बघायला एरेफ्सचं वेबमास्टर टूल्स वापरते, स्वतःच्या साइटसाठी ते फुकट आहे. पण तिथेही मालकी सिद्ध करावी लागते, म्हणजे पुन्हा तेच. वर्डप्रेसवर एसईओसाठी योस्ट आणि रँक मॅथ ही प्लगइन आहेत, दोन्हींपैकी एकच ठेवा. साइट किती वेगाने उघडते ते मोजणाऱ्या गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा ही चांगल्याची खूण आहे. बागेतल्या नेटवर्कवर आमचे कॅमेऱ्यातून थेट चढवलेले फोटो उघडत नव्हते, ते लहान करून घेतले. गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगल मॅपवरची धंद्याची नोंद, वर्कशॉपचा व्हिडिओ देऊन पक्की झाली, काही त्रास नाही.

पैशाचं टूल मग निरुपयोगी का? नाही. दुसऱ्या राज्यातल्या स्पर्धकांना कुठून लिंक मिळतात, ते इंग्रजीत कोणत्या शब्दांवर दिसतात, हे सर्च कन्सोल सांगत नाही. त्यासाठी मी जूनमध्ये, काम थोडं कमी असताना, एका महिन्याचं घेतलं, हवी ती यादी उतरवून घेतली आणि बंद केलं. वर्षाची सवलत दाखवतील, भुलू नका. शेती अवजारं, फळबागा, किराणा, असा मराठी गिऱ्हाइकाचा धंदा असेल तर वर्षभराचे पैसे माझ्या मते वाया जातात. निर्यात करत असाल तर हिशेब वेगळा.

पैशाचं आलंच आहे तर हेही. बऱ्याच टूलची बिलं डॉलरमध्ये येतात, नेहमीच्या योजना महिन्याला १०० डॉलरच्या वर जातात, त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा बिलांची १५ हजार रुपयांच्या वरची आपोआप कपात ओटीपीशिवाय होत नाही, त्यामुळे महागडी योजना नूतनीकरणाला अडकली तर घाबरू नका. पण त्याखालची रक्कम कटू शकते, म्हणून ट्रायलला कार्ड दिलं असेल तर संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. कंपनी परदेशी असेल तर जीएसटी नोंदणी असलेल्याला रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी स्वतः, कर भरावा लागतो. तो इनपुट क्रेडिटमध्ये मिळतो, पण बिलावर आपला जीएसटी क्रमांक हवा. आमच्या सीएंनी हे बिल बघितल्या बघितल्या विचारलं होतं.

डोमेनचं नूतनीकरण आता वर्कशॉपच्या कार्डवर होतं. सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून बाबा आणि मी, दोघं आहोत. साइटच्या कामाला एक नवीन मुलगा ठेवलाय, हुशार आहे, त्याला 'फुल' परवानगी दिली आहे. मालकीची नाही, आणि तसं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं.