नाटोवाल्यांची संस्था आणि कर कार्यालयाचं पत्र

आधी कामाचं सांगतो. जर्मनीत संस्था काढायची असेल, तर घटनेचा मसुदा नोटारकडे (नोंदणी-अर्जावरच्या सह्या साक्षांकित करणारा नोटरी) नेण्याआधी फिनान्त्सआम्टला, म्हणजे कर कार्यालयाला दाखवा. आणि लेखी उत्तर हातात पडेपर्यंत नोटारची वेळ घेऊ नका. आम्ही मसुदा पाठवला होता, पण उत्तर काही येईना. शेवटी मंडळातल्या उतावळ्यांनी नोंदणी उरकून टाकली. मी नको म्हणत होतो, पण एकट्या चिटणिसाचं कोण ऐकतो?

संस्था कसली, ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. नाटो, म्हणजेच अटलांटिक युती, ही सरकारांची लष्करी युती. सामान्य माणसाला तिचं सभासद होता येत नाही. पण तिच्या बाजूने बोलणाऱ्या, व्याख्यानं-चर्चा ठेवणाऱ्या नागरी संस्था जवळजवळ नाटोइतक्याच जुन्या आहेत. १९५४ मध्ये हेगला अशा राष्ट्रीय संस्थांची एक शिखर संघटना निघाली, अटलांटिक ट्रीटी असोसिएशन. पश्चिम जर्मनी १९५५ मध्ये नाटोत आली आणि पुढच्याच वर्षी इथे डॉइचे अटलांटिशे गेझेलशाफ्ट, म्हणजे जर्मन अटलांटिक संस्था, स्थापन झाली. आमचं मंडळ यांपैकी कुणाची शाखा नाही. विद्यापीठात एकत्र शिकलेली काही मंडळी, रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यावर गावच्या वाचनालयात चर्चा घ्यायला लागली, आणि खोलीभाड्यासाठी खातं हवं, खात्यासाठी नोंदणी हवी, असं करत करत संस्था झाली.

"अरे, भारत नाटोत नाही, मग तू तिकडे कशाला चिटणीस?" नाशिकच्या मामांचा प्रश्न. खरं उत्तर असं की नोंदणीला किमान सात सभासद लागतात आणि सातवा मी होतो. (आपला १८६०चा सोसायटी नोंदणी कायदाही सातच मागतो.) नागरिकत्वाची अट नाही. मामांना मी आंतरराष्ट्रीय संबंध वगैरे सांगितलं.

नोटारकडचं आणि न्यायालयाच्या नोंदवहीतलं काम (इथे संस्थांची नोंद न्यायालयात होते) विनातक्रार झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आणि मग ते पत्र आलं. खिडकीचं पाकीट, करडा कागद, मजकूर जेमतेम अर्धं पान. घटनेतल्या उद्देशांच्या कलमानुसार संस्था 'गेमाइनन्यूत्सिग' ठरत नाही. हा लोकहितकारी दर्जा नसेल तर देणगीची पावती देता येत नाही, करमाफी नाही, आणि पालिकेची सभागृहंही सवलतीत मिळत नाहीत. का ठरत नाही? एक कलम-क्रमांक दिला होता, बास. सोबत आमच्याच मसुद्याची प्रत, तिच्यात 'अटलांटिक युतीला बळकटी देणे' या ओळीखाली पेन्सिलने आखलेली रेघ. समासात काही नाही. रेघ एवढंच.

फोन केला. रेकॉर्ड केलेली बाई सांगते, संबंधित अधिकारी सध्या उपलब्ध नाहीत. सकाळी केला, जेवणाआधी केला, भेटीच्या वेळेत केला. ईमेल केली तर उत्तर आलं की करविषयक माहिती साध्या ईमेलवर देता येत नाही. लेखी पत्र पाठवलं, तर अर्ज मिळाल्याची पोच आली. त्या काळात मी ट्रॅममध्ये बसून जर्मन करसंहितेचं बावन्नावं कलम वाचायचो. लोकहिताची कामं कोणती, याची यादीच आहे त्यात. लोकशिक्षण आहे, आंतरराष्ट्रीय सलोखा आहे, लोकशाही राज्यव्यवस्थेला चालना आहे. लष्करी युतीला पाठिंबा नाही.

शेवटी साहेब फोनवर सापडले. आवाज शांत, थोडा कंटाळलेला. म्हणाले, "तुम्ही लोकांना माहिती देता की लोकांना वळवता, हे तुमच्या घटनेवरून मला कळत नाही." मी म्हटलं, दोन्ही. ते हसले नाहीत. त्यांनी अटाकचं प्रकरण काढलं. जागतिकीकरणावर टीका करणारी ही संघटना. तिच्याबाबत म्युनिकच्या संघीय कर न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला की राजकीय मतं लोकांच्या गळी उतरवणं हे शिक्षण नव्हे, शिक्षण खुल्या मनाने व्हायला हवं. "उद्या नाटोविरोधी संस्था आली तर तिलाही मी हाच नियम लावणार आहे."

यावर मला काही बोलता आलं नाही. या देशात नाटो हा नाजूक विषय आहे. नाटोने ठरवलेली नवीन क्षेपणास्त्रं आणायला विरोध म्हणून १० ऑक्टोबर १९८१ ला बॉनमध्ये सुमारे तीन लाख माणसं रस्त्यावर उतरली होती, आणि त्यांच्यातले कित्येक आज आमच्या व्याख्यानांना येऊन पहिल्या रांगेत हात वर करतात. कर कार्यालयाने त्यांची बाजू घ्यायची नाही आणि आमचीही नाही. मुद्दा रास्तच होता. पण बाबा रे, मग हे पहिल्याच पत्रात दोन ओळींत लिहिलं असतं तर तुझं काय गेलं असतं? रेघ ओढायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात झालं असतं ते. आजही ती पेन्सिलची रेघ आठवली की डोकं सणकतं.

नोंदणी झालेली असल्यामुळे आता घटनादुरुस्ती आली. सर्वसाधारण सभा बोलवा, आमच्या घटनेत लिहिलेली तीन चतुर्थांश मतं मिळवा, इतिवृत्त लिहा (ते मीच), पुन्हा नोटार, पुन्हा न्यायालय. नोंदवहीत चढेपर्यंत दुरुस्ती लागू होत नाही. 'बळकटी' गेली, त्या जागी 'परराष्ट्र व सुरक्षा धोरणाविषयी लोकशिक्षण, सर्व मतांना वाव देऊन' असं आलं. सभेत एका म्हाताऱ्या सभासदाने, जन्मभर लष्करात काढलेला माणूस, रागाने विचारलं, "म्हणजे आम्ही नाटोच्या बाजूचे नाही का?" त्यांना समजावलं की बाजू असू दे, सभेत दुसऱ्या बाजूलाही माइक द्यायचा, एवढंच. त्यांनी हात वर केला, पण खांद्याच्या वर नाही.

या वेळी मसुदा आधी साहेबांना दाखवला आणि होकार लेखी घेतला. मग निर्णय आला, पुन्हा अर्धंच पान. मी तो दोनदा स्कॅन केला.

हो, एक राहिलं: संस्था बरखास्त झाली तर उरलेला पैसा कोणत्या लोकहितकारी संस्थेला किंवा कामाला जाणार, ते घटनेत लिहावंच लागतं. करसंहितेला जोडलेला नमुना आहे, त्यातली वाक्यं जशीच्या तशी उचला, तिथे स्वतःची प्रतिभा दाखवू नका. दुसरं, न्यायालयाच्या नोंदवहीत नाव आलं की सरकारी दिसणारी बिलं टपालाने येतात. गरुड असतो, शिक्का असतो, बँक खातं भलतंच. आमच्या खजिनदारबाई पैसे भरायलाच निघाल्या होत्या. आणि तीनशे युरोपर्यंतच्या देणगीला बँकेचा उतारा आणि संस्थेच्या करमाफीची माहिती असलेली साधी छापील चिठ्ठी पुरते, तेव्हा सुंदर पावतीपुस्तकं छापून घेऊ नका. आमची कपाटात पडून आहेत, जुन्या उद्देशासकट.