बडोद्याच्या विद्यापीठाने घराघरांत काय मोजले

दर वर्षी विद्यापीठांची राष्ट्रीय क्रमवारी जाहीर झाली, की बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ यंदा कितव्या स्थानावर आहे, याची चर्चा होते. दांडिया बाजार आणि रावपुरा या भागांत अशी कितीतरी घरे आहेत, ज्यांच्या दोन-तीन पिढ्या याच विद्यापीठात शिकल्या; त्यामुळे ही चर्चा आपुलकीने होते आणि क्रमांक घसरला की मन खट्टू होते. 2016 पासून निघणाऱ्या या क्रमवारीत संशोधनाच्या गुणांचा मोठा भाग स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या दोन आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये नोंदल्या गेलेल्या शोधनिबंधांवर आणि त्यांच्या उद्धरणांवर, म्हणजे इतर संशोधकांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला यावर, ठरतो. रसायनशास्त्रासारख्या विषयाला हे माप बऱ्यापैकी लागू पडत असेल. आरोग्य आणि सामाजिक शास्त्रे यांच्या बाबतीत मात्र या विद्यापीठाने केलेले सर्वांत मोलाचे काम त्या मापातून निसटते, असे मला ठामपणे वाटते, आणि ते कसे निसटते हे थोडे सविस्तर मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे. मी याच विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत शिकले, तेव्हा या विषयाबद्दल मी अलिप्तपणे लिहू शकत नाही, हे आधीच सांगते.

विद्यापीठाची स्थापना 1949 मध्ये झाली. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता या बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. हंसा मेहतांच्याच कारकिर्दीत गृहविज्ञान आणि समाजकार्य या दोन्ही शाखा उभ्या राहिल्या. घरातला स्वयंपाक, मुलांचे संगोपन, आजारपण आणि गरिबी यांच्याकडे विद्यापीठीय अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची ती सुरुवात होती. त्याआधीही बडोदे संस्थानाला माणसे आणि घरे मोजण्याची सवय होतीच. सयाजीरावांच्या काळातले गोविंदभाई देसाई आणि सत्यव्रत मुखर्जी यांनी केलेले जनगणनेचे अहवाल वाचले, तर आकड्यांच्या शेजारी विवाहाचे वय, जातींच्या चालीरीती आणि साक्षरता यांचे किती बारकाईने वर्णन आहे ते दिसते.

या परंपरेतले मला सर्वांत प्रिय असलेले काम प्रमिला फाटक यांचे आहे. बाळ किती महिन्यांचे झाले की मान धरते, कधी वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेते, कधी दोन शब्द जोडून बोलते, हे मोजण्याची जी पद्धत त्या काळी जगभर मान्य होती, ती अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांची होती आणि तिचे निकष अमेरिकी बालकांवरून ठरलेले होते. आपल्याकडचे बाळ त्या निकषांत मागे पडले, तर ते खरोखर मागे आहे की माप परके आहे, हे सांगण्याचा काही मार्ग नव्हता. फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालविकास विभागातून बडोद्यातल्याच बालकांच्या वाढीचा अभ्यास केला आणि त्यातून 1970 मध्ये भारतीय बालकांसाठीची विकासमापन श्रेणी तयार झाली. डीएएसआयआय या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते आणि 1997 मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तीत हालचालींच्या विकासाच्या 67 आणि मानसिक विकासाच्या 163 बाबी आहेत.

ही चाचणी चालू असताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बाळ आईच्या मांडीवर असते. त्याच्या डोळ्यांसमोर दोऱ्याला बांधलेले लाल कडे हळूहळू फिरवले जाते आणि त्याची नजर कडे किती दूरपर्यंत सोडत नाही, हे परीक्षक पाहतात. पुढे छोटे लाकडी ठोकळे येतात. एक ठोकळा हातात असताना दुसरा दिला, तर बाळ पहिला टाकून देते, की दोन्ही धरून ठेवते? मग अगदी बारीक गोळी समोर ठेवायची आणि ती पूर्ण पंजाने ओढली जाते, की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत उचलली जाते, ते टिपायचे. मोठी यंत्रसामग्री काहीच लागत नाही, पण पाहणाऱ्याची नजर तयार असावी लागते आणि आईने त्या अनोळखी खोलीत निवांत बसावे इतका विश्वास तिच्या मनात निर्माण करावा लागतो. आज देशभरातल्या रुग्णालयांत, अपुऱ्या दिवसांच्या किंवा जन्मतः गुदमरलेल्या बाळांचा पुढे पाठपुरावा करताना हीच श्रेणी वापरली जाते आणि विकासगुणांक, म्हणजे बाळाचे विकासाचे वय त्याच्या खऱ्या वयाच्या किती टक्के आहे ते सांगणारा आकडा, 70 च्या खाली आला की लवकर उपचार सुरू करण्याचा विचार होतो. तिच्याच पायावर फाटक आणि खुराणा यांनी 1991 मध्ये बडोदा विकास चाळणी चाचणी प्रसिद्ध केली. केरळात तिरुवनंतपुरम येथे अवघ्या 17 बाबींचा जो सुटसुटीत तक्ता तयार झाला, त्यातल्या बाबी बडोद्याच्या निकषांवरूनच निवडल्या गेल्या होत्या. या चाचणीने किती पालकांना वेळीच सावध केले, याची नोंद कोणत्याही उद्धरणसूचीत सापडणार नाही.

आता रक्तक्षयाकडे येते, कारण या विद्यापीठातले आरोग्यविषयक संशोधन एखाद्या वस्तीतून शासनाच्या कार्यक्रमापर्यंत कसे पोहोचते, हे त्यात स्पष्ट दिसते. आहार व पोषण विभागातल्या शुभदा कनानी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने बडोद्याच्या झोपडपट्ट्यांतल्या 10 ते 18 वयाच्या मुलींना तीन महिने रोज 60 मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले. त्यांचे हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे सुमारे 1.7 ग्रॅमने वाढले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलींचे वजनही वाढले. गोळ्या न घेणाऱ्या मुलींमध्ये ही वाढ जवळजवळ दिसली नाही. 2000 मध्ये हा निबंध पोषणशास्त्रातल्या एका अग्रगण्य अमेरिकी नियतकालिकात छापून आला. पौगंडावस्थेतली मुलगी ही केवळ उद्याची गरोदर बाई नसून तिच्या स्वतःच्या वाढीसाठीही तिला लोह हवे असते, ही गोष्ट या अभ्यासाने ठसवली.

त्याच सुमारास बडोदे जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मुलींना आठवड्यातून एक गोळी देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजच्या रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागातले प्रकाश कोटेचा यांनी त्याचे मूल्यमापन केले, तेव्हा 17 महिन्यांत रक्तक्षय असलेल्या मुलींचे प्रमाण 74.7 टक्क्यांवरून 53.2 टक्क्यांवर आलेले आढळले. साप्ताहिक गोळीचा कार्यक्रम पुढे 2012-13 मध्ये देशभर आला. एकट्या बडोद्यामुळे तो आला, असे मी म्हणणार नाही, परंतु शिक्षिकेसमोर, जेवण झाल्यावर, ठरलेल्या वारी गोळी दिली तर ती खरोखर घेतली जाते, हे दाखवणाऱ्या अनुभवांमध्ये बडोद्याचा अनुभव नक्कीच होता.

सामाजिक शास्त्रांचा विषय निघाला, की समाजशास्त्र विभागाचे नाव अभिमानाने घ्यावेच लागते. 1951 मध्ये एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डहून येथे आले आणि 1959 मध्ये दिल्लीला जाईपर्यंत त्यांनी हा विभाग घडवला. पण मला येथे याच विभागातल्या आय. पी. देसाई आणि ए. एम. शहा यांच्याबद्दल जास्त लिहायचे आहे. एकत्र कुटुंब मोडत चालले आहे, असे आपण सगळेच सहज बोलतो. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा या छोट्या शहरात पाहणी करून असे दाखवले, की वेगळ्या छपराखाली राहणारे भाऊही मालमत्ता, लग्नकार्य, आजारपण आणि परस्परांविषयीची कर्तव्ये यांत एकत्रच असतात, म्हणून एकत्रपणा हा आहे किंवा नाही असा नसून कमी-अधिक असतो. शहा यांनी एका छपराखाली राहणारी माणसे आणि नात्याने बांधलेले कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या करून तपासल्या. त्यासाठी खेडा जिल्ह्यातल्या गावाचा अभ्यास तर केलाच, शिवाय वंशावळी जपणाऱ्या वहीवंचा बारोटांच्या वह्याही अभ्यासल्या.

ही चर्चा केवळ समाजशास्त्राच्या वर्गापुरती आहे, असे वाटणे साहजिक आहे, पण पोषणाची कोणतीही पाहणी हातात घ्या, तिचा एकक घर हाच असतो आणि जनगणनेपासून सर्वत्र घराची ओळख सामाईक चुलीवरून ठरते. एका खोलीत दोन सुनांच्या दोन चुली असतील, शिधापत्रिका एकच असेल आणि सासूबाई एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे जेवत असतील, तर त्या घरातल्या मुलीच्या ताटात किती धान्य आले, हे कोणत्या घराच्या नावावर लिहायचे? देसाई आणि शहा यांनी उपस्थित केलेला प्रश्न न सोडवता माणशी आहाराचा आकडा काढता येत नाही. या विद्यापीठात टिकाऊ काम तेथेच झाले, जेथे शरीराचे माप आणि घराची समज एकत्र आली. फाटक यांची चाचणी आईच्या मांडीवर होते आणि गोळीचा कार्यक्रम शिक्षिका व मुलगी यांच्यातल्या विश्वासावर चालतो.

निबंधांची संख्या मोजण्याच्या पद्धतीने नेमके हे एकत्र येणेच अवघड करून ठेवले आहे. 2010 नंतर अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांचा हिशोब सुरू झाला. एका मोठ्या पाहणीचे चार-पाच छोटे निबंध केले, तर गुण जास्त मिळतात. तीच पाहणी दोन विभागांनी मिळून, वेळ घेऊन केली, तर गुण विभागले जातात. शिवाय एखाद्या शहरातल्या दोन वस्त्यांचा अभ्यास परदेशी संपादकांना फार स्थानिक वाटतो. मला मात्र त्या स्थानिकपणातच प्रादेशिक विद्यापीठाचे काम दिसते.

दुसरी अडचण भाषेची आहे. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी असल्याने प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो आणि परिशिष्टात मात्र गुजराती प्रश्नावली जोडलेली असते. हंसा मेहता ग्रंथालयात आणि हल्ली शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर असे प्रबंध चाळताना ती पाने मी आवर्जून उघडते, कारण बायकांशी प्रत्यक्ष झालेले बोलणे तेथेच जवळून दिसते: काल संध्याकाळी काय खाल्ले, गोळी घेतल्यावर मळमळले का, शौच काळा झाल्याने घाबरलात का. ज्या वस्तीने हे सगळे सांगितले, तिच्याकडे निष्कर्ष गुजरातीत परत जाण्याची सोय नसते. प्रबंध सादर करताना अंगणवाडी सेविकेला वाचता येईल असा दोन पानी गुजराती सारांश सक्तीचा करावा, इतकी साधी सुधारणा कोणत्याही विद्यापीठाला स्वतःच्या अधिकारात करता येईल.

आणि प्रश्न तर अजून उभाच आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण 65 टक्के निघाले. चौथ्या पाहणीत ते सुमारे 55 टक्के होते. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर किती विसंबावे, याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि म्हणूनच पुढच्या पाहणीतून रक्तक्षयाची मोजणी वगळून ती शिरेतल्या रक्तावर आधारलेल्या स्वतंत्र सर्वेक्षणाकडे सोपवण्यात आली. तरीही वर्षानुवर्षे गोळ्या वाटूनसुद्धा हा आकडा का खाली येत नाही, हे शोधायला बडोद्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. ज्या वस्त्यांमध्ये 25 वर्षांपूर्वी अभ्यास झाला, त्याच वस्त्यांमध्ये पुन्हा जाऊन शिरेतले रक्त तपासावे, त्या वेळच्या मुलींच्या आज शाळेत जाणाऱ्या लेकींना गोळी मिळते का आणि त्या ती घेतात का, हे पाहावे, आणि घरात चूल कोणाची, बाजारहाट कोण करतो, मुलीच्या ताटात डाळ कोण वाढते, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याच भेटीत नोंदवावे. समाजशास्त्र ज्या कला शाखेत आहे ती सयाजीगंजातली घुमटाची इमारत आणि गृहविज्ञान शाखा यांच्यात पायी जाण्याइतकेच अंतर आहे, आणि अशा संयुक्त प्रबंधासाठी दोन विभागांचे दोन मार्गदर्शक नेमायला नियमांची आडकाठी नाही.