लोणारच्या काठावर सातवीचा वर्ग
आज सातवीच्या विद्यार्थ्यांना बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरावर नेले होते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेल्या या विवरातील पाणी खारट व अतिशय अल्कधर्मी असल्यामुळे त्यात बुडवलेला तांबडा लिटमस कागद लगेच निळा झाला. मग काठावरच्या धारेचे पाणी गोडे कसे, हा मुलांचा प्रश्न मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचा वाटला. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते पातळी घटून क्षारता वाढल्याने बळावलेल्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे, हेही त्यांना समजावून सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. दर्जाने गावातून सरोवरात येणारे सांडपाणी थांबत नाही (फलकांनी तर नाहीच), म्हणून पुढच्या तासाला गावातील नाल्यांचा उतार नकाशावर दाखवण्याचे काम मुलांनी स्वतःहून मागून घेतले आहे.