तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ इंजिन का काढलं

फोंड्याच्या बाजारात असो नाहीतर कुणाच्या लग्नात, ओळखीचा माणूस भेटला की आधी गाडीची चौकशी होते आणि पाठोपाठ प्रश्न येतो: "एवढी जुनी एफसी-१५० पिकअप, तिचं मूळ इंजिन काढून थारचं डिझेल कशाला घातलंत?" काहीजण तर विचारतही नाहीत, थेट सांगून मोकळे होतात: "व्हिंटेज होती, वाट लावलीत." एफसी-१५० म्हणजे जीपची जुनी पिकअप, जिची केबिन इंजिनाच्या वरच असते. आजवर मी प्रत्येकाला दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि ते कुणालाच पटलं नाही. आता एकदा सगळं सांगतो.

मी चालतं इंजिन हौसेखातर उपटलं, असा बहुतेकांचा समज आहे. तसं झालेलं नाही. या गाडीचं मूळ हरिकेन इंजिन ज्यांनी उघडलंय त्यांना ठाऊक असेल, यात हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे वरच्या झाकणात असतात आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे खालच्या मुख्य ओतीव भागात. त्यामुळे तिथे काही बिघडलं तर नुसतं हेड बदलून भागत नाही. आमची गाडी एका मे महिन्यात भरल्या मालासकट चढावर तापली, पाणी उकळलं आणि ती बंद पडली. त्यानंतर रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले. हेड गॅस्केट बदललं, तरी बुडबुडे थांबेनात.

ब्लॉक लेथवाल्याकडे नेला. बाबाही सोबत आले. एरवी ते गॅरेजमध्ये बसत नाहीत, पण त्या दिवशी मिस्त्रीच्या शेजारी उभेच राहिले. ब्लॉक धुऊन सुकवल्यावर मिस्त्रीने त्यावर लाल पेनिट्रंट, म्हणजे भेगेत मुरणारा रंग मारला, थोडा वेळ मुरू दिला, पुसला आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारला. आम्ही दोघे वाकून बघत होतो. आधी नुसतं पांढरं दिसत होतं. मग तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट सीटपासून (व्हॉल्व्ह टेकतो त्या जागेपासून) बोअरच्या, म्हणजे पिस्टन फिरतो त्या भोकाच्या काठापर्यंत एक लाल रेघ उमटली आणि बघता बघता ठळक होत गेली. "भाऊ, ही आत किती खोल गेलीय ते वरून नाही कळायचं," मिस्त्री म्हणाला. बाबांनी खिशातला रुमाल काढून ती रेघ पुसली. आत मुरलेला रंग पुन्हा वर आला. त्यांनी परत पुसली. मी त्यांचा हात धरला नाही, मिस्त्रीही काही बोलला नाही.

ज्यांना वाटतं आम्ही लगेच हार मानली, त्यांच्यासाठी पुढचं. भेगेवर ओळीने भोकं पाडून आटे पाडले, पिना बसवल्या, बोअरला आतून स्लीव्ह, म्हणजे नवी नळी घातली. इंजिन सुरूही झालं. काही दिवसांनी डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ, म्हणजे पाणी आत शिरतच होतं. बेळगाव आणि कोल्हापूरच्या भंगारवाल्यांकडे फिरलो. एक ब्लॉक मिळाला, तो आधीच बोअर करून करून, म्हणजे भोकं मोठी करत करत संपलेला होता. इंजिन शेवटचं उतरवलं तेव्हा बाबांनी रॉकेलच्या बोळ्याने त्यावरचा नंबर स्वच्छ केला आणि आपल्या डायरीत उतरवून घेतला.

तुम्ही म्हणाल, मग ठेवायची होती तशीच झाकून. ठेवली असती तर व्हिंटेज नोंदणीची आशा तरी उरली असती. तो नियम मीही वाचलाय. २०२१पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. त्याच नियमात असंही आहे की अशी गाडी रोजच्या रस्त्यावर चालवायची नाही. ती रॅलीत न्यायची, प्रदर्शनात ठेवायची. आमची पिकअप प्रदर्शनासाठी घेतलेली नव्हती. ती सुपारी, नारळ आणि शेणखत वाहायची. कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या बागेत, पाटाच्या कडेने जी उतरण आहे तिथे फोर-व्हील ड्राइव्ह लागतो, आणि ८१ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असल्यामुळेच ती माडांमधून वळते. लांब चॅसीची नवी पिकअप तिथे फिरत नाही. आम्ही आणून बघितलीय.

थारचं २.५ लिटर सीआरडीई डिझेल इंजिन अपघातात मोडलेल्या गाडीचं, कागदपत्रांसकट घेतलं. १०५ अश्वशक्तीपेक्षा मला त्याचा २४७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद हवी होती, तीही १८०० आरपीएमपासून, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच. एफसीत इंजिन दोन सीटांच्या मधल्या डब्याखाली असतं. तो डबा उंच करावा लागला, इंजिनात जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलर पंखा लावून केबिनच्या मागे न्यावा लागला. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) आणि किल्ली त्याच गाडीची नसती तर इंजिन सुरूच झालं नसतं. ही गाडी मुळातच पुढून जड, म्हणून बॅटरी आणि स्टेपनी मागे टाकली. पुढे डिस्क ब्रेक आणि बूस्टर बसवल्याशिवाय मी ती उतरणीवर घातली नाही.

हो, रस्त्यावर ती आता जात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी चालत नाही, आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. ती फाटकाच्या आतच चालते. "म्हणजे दोन्हीकडून गेलात," असं कुणी म्हटलं की मला राग येतो, कारण आत ती रोज काम करते.

सर्वांत तिखट वाद माझा स्वतःशीच होतो. पूर्वी म्हापशाच्या एका गृहस्थांनी जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं तेव्हा त्यांना तोंडावर सांगणारा मीच होतो की मूळ इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली. आज तो तरुण मी समोर आला तर त्याला कुळागरातली उतरण दाखवीन. तो म्हणेल, काम करणारी गाडी कुठलीही चालली असती, हीच कशाला कापलीस? यावर माझ्याकडे व्हीलबेसचं उत्तर आहे. ते खरं आहे, पण पुरेसं नाही.

नवं इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बाबा पडवीत बसून ऐकत होते. "बरं चालतंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने: "पण ही आपली गाडी नव्हे रे." त्यानंतर ते स्टिअरिंगवर बसलेले नाहीत. क्लच हलका आहे, ब्रेक चांगले आहेत, चला म्हटलं तर डावीकडे बसतात.

जुनं इंजिन ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून कोठारात ठेवलंय. कुणाकडे हरिकेनचा स्टँडर्ड, म्हणजे मूळ मापाच्या बोअरचा, न तडकलेला ब्लॉक असेल तर कळवा, मी घेईन. तो पिकअपमध्ये बसवणार का, हे कृपा करून विचारू नका. बाबांनीही अजून विचारलेलं नाही.